केबल लावली की वाजतो

"ताई, तूच सांग. मी सायरन बंद केला होता का?"

बारक्याने हे विचारलं ते तिच्या ऑफिसात, टेस्टिंगच्या टेबलासमोर, चार माणसांच्या देखत. आता हा काय बहिणीला विचारायचा प्रश्न झाला? त्या दुपारी कंट्रोल रूममध्ये बसला होता हा. ताई होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या खुर्चीत. पण माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडाला की तो असलंच काहीतरी विचारत सुटतो. बारक्याचा तो पार उडाला होता. डोळे खोल गेलेले, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. ताईला त्याच्याकडे बघवेना.

झालं होतं ते असं. बारक्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर. तिथे थंडावा ठेवायला लोखंडी नळांतून अमोनिया फिरवतात. तो थोडा गळला तर डोळ्यांना झोंबतो आणि जास्त गळला तर माणूस मरतो, सरळ हिशेब. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत गॅस ओळखणारा सेन्सर, कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक करडी पेटी, आणि पेटीला जोडलेला सायरन. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. पेटीची बॅटरीसुद्धा शेवटी संपली. दुपारी वीज आली, यंत्रं सुरू झाली, आणि एका जुन्या जोडातून गॅस सुटायला लागला. आधी थोडा थोडा. ती खरी सायरनची वेळ. कॉम्प्रेसरवाला यंत्रांच्या मागच्या बाजूला वाकून काम करत होता. त्या खोलीत अमोनियाचा वास जरासा कायमच असतो, त्याच्या नाकाला तो सवयीचा. सायरन वाजला असता तर तो हातातलं टाकून पळाला असता. सायरन वाजला नाही. मग जोड फुटला. तो दारापाशी सापडला, कडीपासून हातभर अंतरावर.

भिंतीपलीकडे बारक्या बसला होता. कॉम्प्रेसरवाल्याला तो दादा म्हणायचा. काम त्यानेच शिकवलं होतं, आणि शिकवताना शिव्याही भरपूर घातल्या होत्या. दादाची बायको ती वहिनी. नोकरी लागल्यापासून बारक्या निम्मा त्यांच्याच घरी असायचा, इतका की आई चिडून म्हणायची, तिकडेच अंथरूण टाक आता.

चौकशी बसली. पेटीवरचा हिरवा दिवा चालू होता. तो दिवा डोंबलाचं काय सांगायचा? पेटीला वीज मिळतेय, एवढंच. चौकशीच्या माणसांनी पेटीला केबल जोडली, पडदा लावला, कीबोर्ड लावला, पेटी पुन्हा सुरू करून पाहिली. ठणठणीत. सायरन असा वाजला की बाहेरचे ट्रकवाले धावत आले. पण त्या दुपारची पेटीतली नोंद मात्र कोरी निघाली. पेटी चांगली, नोंद कोरी, मग राहिला कोण? खुर्चीतला माणूस.

कारण पेटीच्या बाजूला एक लाल बटण होतं, सायरन थांबवायचं. ऑपरेटर लोक त्याला 'चूप' म्हणायचे. कोणी फरशीवर पुसायचं औषध ओतलं, वारा फिरला, की सायरन उगाच बोंबलायचा, आणि जो कोणी खुर्चीत असेल तो मान न वळवता हात मागे टाकून चूप दाबायचा. जोरात दाबून धरलं तर पेटी बराच वेळ सायरनही द्यायची नाही आणि नोंदही करायची नाही. सगळेच दाबायचे. बारक्याही दाबायचा. त्याच्या हाताला ती जागा इतकी पाठ होती, की बोलता बोलता हात आपोआप तिकडे जायचा.

पहिल्यांदा तो ठामपणे म्हणाला होता, "मी हात लावला नाही." मग विचारलं, नक्की? मग विचारलं, इतर वेळी दाबता ना, मग त्या वेळीच दाबलं नाही हे कशावरून? असं फिरवून फिरवून विचारलं की खरं बोलणाऱ्याचीही जीभ अडखळते. त्याची अडखळली. म्हणून तो ताईकडे आला. पेटी ताईच्या कंपनीची होती, आणि पेटीच्या आतला शेल ताईने स्वतः लिहिलेला होता.

शेल म्हणजे मुकादम समजा. हुकूम ऐकायचा आणि एकेका प्रोग्रॅमला कामाला जुंपायचं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात घालायचं, हेही त्याचंच काम. पेटीत दोनच मुख्य प्रोग्रॅम होते. एक सेन्सर वाचायचा आणि आकडे बोलत राहायचा. दुसरा ते आकडे ऐकायचा, नोंद करायचा, आणि आकडा चढला की सायरन वाजवायचा. दोघांच्या मधे शेलने जोडलेला पाइप, म्हणजे बोलणं वाहून नेणारी नळी. एवढाच काय तो कारभार.

ताईने त्याच्यासमोर तसल्याच एका पेटीला केबल लावली. पडद्यावर सगळं दिसायला लागलं. तिने अमोनियाच्या बाटलीत कापूस बुडवून सेन्सरच्या तोंडाशी धरला. सायरन किंचाळला. पलीकडच्या टेबलावरून हिशेबनीस बाई ओरडल्या, "अगं बंद कर ते, जीव जातो माणसाचा!" बोलून गेल्या आणि मग बारक्याला बघून जीभ चावली. ताईने पुन्हा पेटी सुरू केली, पुन्हा कापूस धरला. पुन्हा वाजला. सेन्सरची तार काढून पुन्हा लावली, वाजला. आकडे उलटेसुलटे पाठवले, तरी वाजला. ती मन लावून तपासत होती, भावासाठी तपासत होती, कुठेतरी खोट सापडू दे म्हणून देवाचा धावा करत होती. सापडली नाही.

"पेटीत काही नाही रे," ती शेवटी म्हणाली. खोटं कसं बोलणार? "पेटी ठीक आहे."

"म्हणजे मीच," बारक्या म्हणाला.

"असं कुठे म्हटलं मी?"

"तू नाही म्हणालीस. पण मग दुसरं काय राहिलं?"

तो तिथून उठला तो घरी आलाच नाही, सरळ वहिनीकडे गेला. तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, सायरन मी दाबला."  वहिनीने दार लावलं नाही, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. हा उंबऱ्यावर तसाच उभा. शेजारच्यांनी शेवटी हाताला धरून त्याला खाली आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने चौकशी अधिकाऱ्यासमोर तेच लिहून दिलं, खाली सही केली. आईला कळलं तेव्हा तिने कपाळ बडवून घेतलं. "कोणी सांगितलं होतं तुला एवढं हरिश्चंद्र व्हायला?" पण त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा थोडी शांती दिसली, आणि ताईला तीच सहन होईना.

मग त्याचा एक नेम सुरू झाला. सकाळी उठायचं, वहिनीच्या इमारतीत जायचं, तिचं दळण आणायचं, भाजी आणायची, दाराशी ठेवायची आणि यायचं. ती ये म्हणायची नाही, जा म्हणायची नाही. पिशवी मात्र आत घ्यायची.

ताई ऑफिसला जात राहिली. न जाऊन सांगते कोणाला? तशाच पेट्यांची नवी ऑर्डर आली होती, पेट्या एकेक करून टेबलावर यायच्या, ती तपासायची आणि पाठवून द्यायची. तिच्या शेजारी बसणाऱ्या टेस्टरला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणायचे, कारण त्याला प्रत्येक गोष्टीत शंका. बल्ब लागला तरी म्हणणार, खरंच लागलाय का? ऑफिसात धड केबल एकच होती आणि त्यावरून त्या दोघांची कायम ओढाताण चालायची. त्या दुपारी केबल शंकासुराने पळवली होती.

कोणीतरी चहाची किटली लावली आणि टेबलावरची वीज गेली. पुन्हा आली. टेबलावरच्या नव्या पेटीत बॅटरी अजून बसवलेली नव्हती, ती वीज येताच आपोआप सुरू झाली, हिरवा दिवा लागला. ताईने फोनवर कोणाशी तरी बोलता बोलता कापूस बुडवला आणि सेन्सरपाशी धरला.

काही नाही.

तिने फोन खाली ठेवला. कापूस पुन्हा बुडवला, अगदी निथळता, आणि सेन्सरला टेकवला. वासाने तिच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पेटी मात्र ढिम्म. हिरवा दिवा आपला मजेत चालू.

"केबल आण," ती म्हणाली.

"माझं होऊ दे की जरा..."

"केबल आण म्हणते ना!"

शंकासुराने तिचा आवाज ऐकला आणि मुकाट्याने केबल आणली. ताईने ती लावली, पेटी पुन्हा सुरू केली. सायरन वाजला. केबल काढली, वीज बंद करून पेटी आपोआप सुरू होऊ दिली. गप्प. केबल लावून सुरू केली, वाजला. काढून सुरू केली, गप्प. ताई खाली बसली. शंकासुर मागे उभा होता आणि त्या दिवशी त्याला एकही शंका आली नाही.

अहो, सगळं तपासलं होतं त्यांनी, सगळं! पण तपासायचं म्हणजे बघायला हवं, बघायचं म्हणजे पडदा हवा, आणि पडदा हवा तर केबल लावायला हवी. ऑफिसात आलेली पेटी पहिल्यांदा केबलला जोडायची, मग बाकीचं, ही तिथली रीतच. चौकशीवाल्यांनीही तेच केलं. पेटी बसवायला गेलेला फिटरही केबल लावून सुरू करायचा, सायरन वाजवून दाखवायचा आणि मग केबल काढून यायचा, पुढे वीज गेली तरी पेटी बॅटरीवर चालूच राहायची, वर्षानुवर्षं बंद पडायची नाही. केबलशिवाय सुरू झालेल्या पेटीकडे कधी कोणी बघितलंच नव्हतं. ती पहिल्यांदा तशी सुरू झाली, दादा गेला त्या दुपारी.

पण गप्प बसते ते का? आत काय होतं ते बघायचं तर केबल लावता येत नाही, लावली की आजार पळतो. ताईने युक्ती काढली. शेलने सुरू होताच एक फाइल उघडायची आणि आपण काय काय करतो ते तिच्यात लिहीत जायचं. केबलची गरज नाही. तसा बदल केला, पेटी केबलशिवाय सुरू केली, कापूस धरला.

वाजला! आता बोला. केबल नाही, काही नाही, आणि सायरन खणखणीत वाजतोय. तिने ती फाइल उघडायची ओळ काढून टाकली. गप्प. पुन्हा घातली. वाजला. रडावं की पेटी उचलून खिडकीतून फेकावी, तिला कळेना. शंकासुर म्हणाला, "भूतबाधा झालीय हिला." ताईने त्याला गप्प केलं. कारण फाइल उघडली की वाजतो, एवढ्यावरूनच तिच्या डोक्यात काहीतरी सरकायला लागलं होतं.

शेल जे काही उघडतो, फाइल असो, केबल असो, पाइप असो, त्या प्रत्येकाला एक नंबर मिळतो. फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात त्याला, ऑफिसात नुसतं नंबर म्हणायचे. शून्य नंबर म्हणजे कान. कुठलाही प्रोग्रॅम ऐकतो ते शून्यावरून. आणि नवं काही उघडलं की रिकामा असेल तो सगळ्यात लहान नंबर त्याला मिळतो. केबल लावलेली असली की शून्यावर केबल बसलेली असते. केबल नसली की शून्याची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवर जी गोष्ट पहिल्यांदा उघडेल ती जाऊन बसणार. तिने घातलेली फाइल जाऊन बसली, म्हणून आजार झाकला गेला. आणि फाइल नसेल तेव्हा? तेव्हा त्या जागेवर पाइपचं ऐकायच्या बाजूचं टोक.

ताईने शेलचा तो भाग उघडला. सायरनच्या प्रोग्रॅमला पाइप जोडून द्यायच्या दोन ओळी होत्या. पहिली म्हणते, पाइपचं टोक शून्यावर कॉपी कर. दुसरी म्हणते, आता कॉपी झाली, मूळ टोक बंद करून टाक. टोकाला तीन किंवा चार नंबर मिळालेला असला की सगळं बिनबोभाट. पण टोकालाच शून्य मिळाला तर? शून्याची शून्यावर कॉपी, म्हणजे काहीच नाही. आणि मग मूळ बंद कर. मूळ म्हणजे तेच, शून्य! कॉपी आणि मूळ एकच असताना मूळ फेकून दिलं, की हातात राहतं काय? सायरनचा प्रोग्रॅम उठला तो बहिराच उठला. ऐकायला काही नाही म्हणजे काम संपलं असं समजून त्याने निमूटपणे गाशा गुंडाळला, नोंदही केली नाही. सेन्सरचा प्रोग्रॅम आकडे बोलायला गेला तर ऐकायला कोणी नाही, तोही बंद झाला. आणि बाहेर हिरवा दिवा चालू.

टोक आधीच शून्यावर आहे का, एवढं विचारणारी एक ओळ हवी होती. तिने ती लिहिली नव्हती. असली चूक शाळकरी पोर करत नाही, शेल लिहिणारेच करतात. ती ओळ लिहायला तिला आता श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही. केबलशिवाय पेटी सुरू केली, कापूस धरला, सायरन वाजला. मग ती बाथरूममध्ये गेली.

तोंड धुताना तिच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. बारक्या सुटला, ही एक. आणि दादाला मी मारलं, ही दुसरी. पहिलीचा आनंद करावा तर दुसरी गळा धरते. शेवटी तिने पहिलीलाच घट्ट धरलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. "बरं झालं सापडलं," ते म्हणाले. "नवा शेल सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दे. सोबत लिही, किरकोळ सुधारणा."

"आणि माझ्या भावाचं काय?"

"अगं, त्याने तर स्वतः लिहून दिलंय ना? आता आपण होऊन कशाला..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि पेपरवेट फिरवत बसले.

ताईने नवा शेल सगळ्यांना पाठवला आणि सोबत काय झालं होतं ते स्पष्ट लिहिलं, साहेब गेले खड्ड्यात. त्याची एक प्रत चौकशी अधिकाऱ्याला दिली. नोकरी जाईल याची तिला फिकीर उरली नव्हती. अधिकाऱ्याने तिला बोलावून घेतलं, टेबलावर पेटी ठेवून प्रयोग बघितला, दोनदा बघितला. मग चष्मा काढून पुसला.

"बाई, हे मला पटतंय," तो म्हणाला. "पण तुमच्या भावाचा जबाब आहे, सायरन वाजला आणि मी दाबला. तो जबाब त्याने मागे घ्यायला हवा. तो घेत नसेल तर माझे हात बांधलेले आहेत." त्याने एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. जबाब कुठल्या शब्दांत मागे घ्यायचा तेही सांगितलं.

ताई जवळजवळ पळतच घरी आली. बारक्या जेवत होता. जेवत कसला, ताटातला भात चिवडत होता. तिने पेटी ताटाशेजारीच ठेवली आणि सगळं सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने डोळे पुसत ऐकत होती. ताईने जुना शेल घातला, केबल न लावता पेटी सुरू केली, कापूस धरला. गप्प. केबल लावून सुरू केली. सायरन असा वाजला की आई दचकली.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "त्या दुपारी हेच झालं. तू काही केलं नाहीस. कागद घे, सही कर, संपव हे."

बारक्याने पेटीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला तिची दयाच आली जणू.

"ताई, पेटी तुझी. आतलं सगळं तुझ्या हातचं. तू वाज म्हणालीस तर ती वाजेल, गप्प म्हणालीस तर गप्प बसेल."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"त्या दिवशी ऑफिसात तू खरं बोललीस. तुझा जीव तुटत होता तरी खरं बोललीस, मी बघत होतो ना. आता आई रडते, मी असा हिंडतो, म्हणून तू हे बसवून आणलंस." तो उठला, ताट उचललं. "माझ्यासाठी स्वतःचं नाव खराब करू नकोस. दादाला मी मारलं. मला ते आठवतं."

"काय आठवतं तुला, मेल्या!" आई ओरडली. "ती एवढं पुराव्यानिशी सांगतेय!"

तो हात धुवायला गेला. ताई त्या पेटीसमोर बसून राहिली. शेलमधली चूक सापडायला एक दुपार पुरली होती. इथे कुठली ओळ घालायची, तिला काही म्हणजे काही सुचेना.

सकाळी बारक्या पिशवी घेऊन निघाला तेव्हा ती त्याच्या मागे निघाली. तो नको नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही. वहिनीचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून दादाच्या कामाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कोणाला तरी द्यायचे असावेत. बारक्या नेहमीसारखा दाराशी पिशवी ठेवून वळला, पण ताई सरळ आत गेली आणि तिच्यासमोर बसली.

"वहिनी, मी याची बहीण. सायरनची ती पेटी आहे ना, तिच्यातला प्रोग्रॅम मी लिहिलाय. त्याच्यात चूक होती. वीज जाऊन आली की सायरन वाजतच नव्हता. त्या दिवशी तो वाजलाच नाही. याने काही बंद केलं नाही. याची काहीही चूक नाही."

वहिनीचे हात थांबले. तिने मान वर केली. तिचा आवाज इतके दिवस न बोलल्यासारखा खरखरीत झाला होता.

"म्हणजे तुम्ही मारलंत त्यांना?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, अधिकाऱ्याने नाही, आईने तर नाहीच.

"हो," ताई म्हणाली.

"वहिनी, तिचं ऐकू नका!" बारक्या दारातून आत धावला, चपला पायातच. "मला वाचवायला स्वतःवर घेतेय ती. लहानपणापासूनची खोड आहे तिची. मी दाबला होता, मी तुम्हाला सांगितलंय ना!"

"तू गप्प बस. वहिनी, मी दाखवते तुम्हाला, पेटी आणू का इथे..."

"पेटी काय दाखवतेस त्यांना? तूच लिहिलंयस सगळं!"

"बारक्या, तुला कळत नाही तर..."

वहिनी उठली. तिच्या मांडीवरचा शर्ट खाली पडला.

"माझा माणूस गेलाय," ती म्हणाली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझा माणूस गेलाय, आणि तुम्ही बहीणभाऊ माझ्या घरात वाटणी करत बसलात? याने येऊन सांगायचं मी केलं. मग मी रोज याला शिव्या द्यायच्या मनातल्या मनात. आता तुम्ही म्हणणार, त्याला नको, मला द्या. मी काय करू? रोज एकाला देऊ?"

तिने दाराकडे बोट दाखवलं.

"जा घरी. आधी तुमच्यात काय ते ठरवा. आणि मग ज्याने केलं त्या एकानेच यावं."

तिने बारक्याने आणलेली पिशवी उचलली, बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. पिशवी तिने पहिल्यांदाच परत केली होती.

बारक्या जिन्यात बसला. खाली कोणीतरी सायकल काढत होतं. ताई त्याच्या शेजारी बसली.  तोच आधी बोलला.

"नोंद कोरी का होती मग?"

"जो प्रोग्रॅम सायरन वाजवतो तोच नोंद करतो. तो सुरू होताच बंद झाला."

"चूप दाबून धरलं तरी नोंद कोरीच राहते."

"हो. पण दाबायच्या आधीची असते ना. वीज आल्यापासून तू दाबेपर्यंतची तरी असायला हवी होती. तीसुद्धा नाही."

तो विचार करायला लागला. त्याच्या कपाळावरची शीर हलत होती. 

"खरंच की," तो हळूच म्हणाला. "तेवढी तरी हवी होती."

"मग?"

"म्हणजे तो वाजलाच नाही."

"नाही रे."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, बाळा. दाबायला काही नव्हतंच." आणि एवढ्या दिवसांचं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. पर्समधून कागद काढला, पेन काढलं, त्याच्या हातात दिलं. त्याने कागद गुडघ्यावर ठेवला, वाचला, मान हलवली.

"करतो सही. तू म्हणतेस ते बरोबर आहे, हिशेब जुळतोय." पेन कागदावर टेकवून तो थांबला. "पण ताई, मला तो ऐकू येतो."

"काय ऐकू येतं?"

"सायरन. वाजतो, मी मागे हात टाकतो, दाबतो, आणि तो थांबतो. दिवसरात्र तेच. आता, तू बोलतेयस ना, आताही वाजतोय." त्याने तिच्याकडे बघितलं, अगदी साध्या चेहऱ्याने. "वाजलाच नसेल तर मग हा कुठला?"

 त्याने मग सही केली, पेनाला टोपण लावून ते तिच्या हातात दिलं, आणि दोन्ही तळहातांनी कान घट्ट दाबून धरले.